बंद झालेली जनावरं

९ सप्टेंबर, मंगळवार
रोहितचं लग्न ठरलं. मुलगी खानापूरकडची, नर्सिंग झालेली, घरचे शेतकरी. लग्न तुळशीचं लग्न झालं की लगेच. घरात सगळे आनंदात. मीही. पुतण्याला मी खांद्यावर घेऊन हिंडलोय.
जेवताना धाकटा भाऊ पर्शा म्हणाला, "दादा, पोरांना एक खोली लागंल बघ." एवढंच बोलला आणि ताटाकडं बघत राहिला. खोल्या तीन. एक पर्शा-सुजाताची, एकीत देव आणि धान्य, एक माझी. मी म्हटलं, "लागणारच की."
माझं काय, बाहेरच्या सोप्यात एक कॉट पुरेल. प्रश्न कपाटाचा आहे.

१० सप्टेंबर, बुधवार
कामावरून येऊन कपाट उघडून बसलो. पाच खण, पाचही भरलेले. लहान असताना रोहितला वाढदिवसाला एक डायनोसॉर आणला होता, बेळगावातल्या खेळण्यांच्या दुकानातून. आठ दिवस खेळला, मग कॉटखाली गेला. झाडताना मी उचलला आणि पोटाखाली बघितलं. आमच्या फाउंड्रीतल्या कामाची सवय. साच्याचे दोन भाग जुळतात तिथं रेघ राहते, ती बघायची. रेघ सापडता सापडेना. कुणीतरी एवढं जीव लावून घासलं होतं. तिथून सुरुवात.
परदेशातली छोटी कंपनी. काही वर्षं ही मालिका चालवली आणि बंद केली. आता नवा निघत नाही. कुठल्या गावच्या दुकानात, कुणाच्या माळ्यावर, कुठल्या मुलाच्या जुन्या डब्यात एखादा उरलाय, ते शोधायचं आणि मांडून ठेवायचं. वहीत प्रत्येकापुढं लिहितो: बंद कधी, शेवटचा कुठं दिसला, कुणी बघितला.
आधी देवानं बंद केले, मग कंपनीनं. दोनदा बंद झालेली जनावरं. त्यांची नोंद ठेवणारा कुणीतरी असावा, एवढंच.
पर्शा त्यांना पाली म्हणतो. "दादा, पालींना आज काय घातलास खायला?" वर्षानुवर्षं तोच विनोद. आता मला तो आवडतोसुद्धा.

१४ सप्टेंबर, रविवार
सकाळी पूजा आटोपून अण्णांना फोन. बोरगावचे चौगुले अण्णा. इचलकरंजीला सूतगिरणीत होते, आता निवृत्त. याच मालिकेच्या मागं लागलेला या भागातला दुसरा माणूस. कितीतरी वर्षं दर रविवारी बोलतो, अजून भेट नाही. इथून निपाणी, निपाणीहून बोरगाव. लांब काहीच नाही. पण दोघांनीही कधी 'या' म्हटलं नाही. भेटलो तर बोलायचं काय, ही भीती असावी.
आमच्यात एक गोष्ट आहे ती दोघंही बोलत नाही. तीन शिंगांची आई आणि तिचं पिल्लू, एका खोक्यात विकायला होती. कोल्हापूरच्या दुकानदारानं खोकं फोडून वेगळी विकली. आई माझ्याकडं आली. पिल्लू अण्णांकडं. दोघांनाही ते पक्कं माहीत. पिल्लू द्या असं मी म्हणत नाही, आई द्या असं ते म्हणत नाहीत. "आई कशी हाय?" विचारतात. "बरी हाय. पिल्लू?" "बरं हाय की."
आज खोलीचं सांगितलं. अण्णा म्हणाले, "कदम, इकडं आणा की सगळी. वरचा मजला रिकामा पडलाय. पोरं पुण्याला. काचेची कपाटं करून घेतल्यात मी. तुमची जनावरं तुमचीच राहतील. कवापण या, बघा, बसा."
विचार करून सांगतो म्हटलं. फोन ठेवल्यावर बराच वेळ बरं वाटत होतं. 'कवापण या, बसा' असं कुणी म्हणून किती दिवस झाले.

१५ सप्टेंबर, सोमवार
ठरवलं. सगळं अण्णांकडं द्यायचं. आई पण. ती ठेवायला म्हणून नाही, देऊनच टाकायची. माय-लेकरू एका काचेत राहतील. दसऱ्यानंतरच्या रविवारी जायचं. देवापुढं बोललो आणि हलकं वाटलं.

१७ सप्टेंबर, बुधवार
उद्यमबागेत आज कारखान्यातला पॅटर्नचा माळा साफ केला. ऑर्डर बंद झालेल्या जुन्या पंपांचे साचे पाडायचे लाकडी पॅटर्न, धुळीत. नवीन सुपरवायझर म्हणाला, "हे टाकून द्या की." आमचा हेडमिस्त्री म्हणाला, "टाकायचं नसतंय. गिऱ्हाईक कवा परत येईल सांगता येत नाय." येणार नाही हे त्यालाही माहीत आहे. पण टाकलं नाही. पुसून परत ठेवलं.

१९ सप्टेंबर, शुक्रवार
 लिहून ठेवतो.
घट सोमवारी बसणार. घरोघर दसरा काढणं चाललंय. वाकळा, चादरी, भांडी, डबे, घरातली एकूण एक वस्तू बाहेर काढून धुवायची, धुतल्याशिवाय घट बसवायचा नाही. सुजाता दोन दिवस नदीवर वाकळा धूत होती. दरवर्षीचंच. माझ्या कपाटाला तिनं आजवर हात लावला नव्हता.
संध्याकाळी गाडी लावली आणि बघितलं. अंगणात दोरीवर वाकळा. दोरीखाली प्लास्टिकच्या कागदावर, उन्हाला तोंड करून, ओळीनं माझी जनावरं. ओली. शेजारी बंबाचं कढत पाणी, धुण्याच्या सोड्याची पुडी, काथ्या.
सुजाता दमलेली पण खुशीत. "बघा भावजी, कसली चकाचक झाली! किती वर्षांची धूळ ती. खालचं तीन खण झालं. वरचं हाताला लागलं न्हाईत, स्टूल शेजारी गेलंय."
मी खाली बसलो. लांबमान्याची मान कढत पाण्यानं एका बाजूला गेलेली. गदाशेपट्याच्या पाठीवरचा तपकिरी रंग काथ्यानं उडून पांढरं दिसतंय. आईचे डोळे गेलेत. टाचणीच्या टोकाएवढे दोन ठिपके होते. तिथं आता नुसतं गुळगुळीत. गळ्यातल्या कागदी चिठ्ठ्यांचा लगदा झालाय.
पाठफळ्याचा एक पाय जन्मापासून वाकडा होता. तो मात्र कढत पाण्यानं सरळ झाला. हे लिहिताना हसू येतंय, का येतंय कळत नाही.
"काय झालं?" सुजाता म्हणाली.
"काही न्हाय. बरं झालं."
"आजवर मी हात लावला न्हाय. म्हणायची, त्यांचं ते बघतील. औंदा म्हटलं, सून येणार घरात, सगळं धुऊन घ्यायचं आणि हेच तेवढं का ठेवायचं बाहेर? ही पण घरातलीच की."
मी आत आलो.

२० सप्टेंबर, शनिवार
रागवावं कुणावर? सोड्यावर?
कामावर एक साचा बिघडवला. पहिल्यांदा. मिस्त्रीनं नुसतं बघितलं.
रात्री आईला हातात घेऊन बसणार होतो, बसलो नाही. खालच्या खणात मागच्या बाजूला तोंड करून ठेवली.

२१ सप्टेंबर, रविवार
सर्वपित्री. वडिलांचं पान वाढलं. कावळा लगेच आला.
अण्णांचा फोन वाजला तेव्हा अंगणातच होतो. घेतला नाही. दुसऱ्यांदा वाजला, तोही घेतला नाही. इतक्या वर्षांत असं झालं नव्हतं. काय सांगू? आई आंधळी झाली म्हणू?
त्यांनी मेसेज टाकला. "तब्येत बरी ना?"
'बरी' एवढंच लिहिलं.

२४ सप्टेंबर, बुधवार
घट बसले. माती, धान्य, रोज पाणी. उपवास धरलाय, नऊ दिवस एक वेळ. सुजाता फराळाचं ताट आणून ठेवते आणि थोडी थांबते. आज विचारलंच तिनं.
"भावजी, माझं काय चुकलंय व्हय?"
"न्हाय गं."
"मग बोलत का न्हाईसा?"
"दमलोय. कामावर लई लोड हाय."
ती गेली. खोटं बोललो आणि देवापुढं घट तसाच उगवत होता.

२८ सप्टेंबर, रविवार
फोन मीच लावला. सांगून टाकलं. खालचे तीन खण, कढत पाणी, सोडा, काथ्या, सगळं.
 
"काथ्यानं?" अण्णा म्हणाले.
"व्हय."
"आई पण?"
"डोळे गेले अण्णा."
 मग त्यांनी जे विचारलं त्यात चूक काही नाही. मी त्यांच्या जागी असतो तर तेच विचारलं असतं. "वरच्या खणातली शाबूत हायत न्हवं? मग ती तेवढी आणा, कदम. धुतलेली नकोत. काचेत शोभायची न्हाईत. राग मानू नका."
"न्हाय, राग कसला."
"आणि रंगवू बिंगवू नका हं कुणाकडनं. रंगवलं की संपलंच."

२ ऑक्टोबर, गुरुवार
दसरा. पर्शानं पाया पडून सोनं दिलं. रोहितनं दिलं. सुजातानं आपट्याचं पान हातात ठेवलं आणि म्हणाली, "सोन्यासारखं राहायचं. बोलत राहायचं."
मान डोलावली.

५ ऑक्टोबर, रविवार
बोरगावला जाऊन आलो.
वरच्या दोन खणांतली सगळी टॉवेलात गुंडाळून मोठ्या पिशवीत. निपाणी स्टँडवर बस बदलली. तंबाखूचा वास, ऊन. पिशवी मांडीवर. शेजारच्या बाईनं विचारलं, "काय हाय त्यात, फुटायचं हाय काय?" "जनावरं" म्हटल्यावर सरकून बसली.
अण्णा दारातच उभे होते. फोनवरच्या आवाजावरून उंच वाटायचे, माझ्याहून बुटके निघाले. दोघं दोन मिनिटं नुसतेच हसत उभे. काकूंनी पाणी आणलं.
वरचा मजला. काचेची कपाटं, आत बारीक दिवे. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, खरं सांगतो. इतकी एकत्र मी कधी बघितली नव्हती. घर जैनाचं, त्यामुळं मांडणी आगळी. शाकाहारी सगळे वरच्या खणांत, मांसाहारी खाली, जमिनीलगत. काकूंचा हुकूम. "खालच्या मजल्यावर देवघर हाय ना, त्याच्या बरोबर वर मांस खाणारी नकोत, म्हटली. म्हणून ती या कोपऱ्यात, बाथरूमच्या वर." अण्णा गंभीरपणे सांगत होते. काकू म्हणाल्या, "हसा तुम्ही. पाप आम्हाला लागतंय."
माझ्या पिशवीतले बहुतेक मांसाहारीच निघाले. काकूंनी कपाळाला हात लावला.
पिल्लू मधल्या खणात. एकटं. मान वर करून, कुणाकडं तरी बघत असल्यासारखं बनवलंय. जोडीत ते आईकडं बघत असतं, माझ्याकडच्या आईची मान खाली वळलेली आहे. काचेत ते दिव्याकडं बघतं.
मी बघत राहिलो, अण्णांनी बघितलं. म्हणाले, "पिल्लू सोडून बोला, कदम."
"मी कुठं काय बोललो?"
"तुम्ही बोलायच्या आधीच सांगितलं."
दोघं हसलो. पण ते गमतीनं म्हणाले नव्हते.
दिवस मावळायच्या आधी जेवायला बसवलं. दिवे लागल्यावर त्यांच्यात जेवत नाहीत. काकू वाढताना म्हणाल्या, "येत जावा. यांना बोलायला कोण न्हाय. माझ्याबरोबर बोलायचं म्हटलं तर ह्या पालींचं, मला काय कळतंय त्यातलं." इथंही पाली.
परतीच्या बसमध्ये रिकामी पिशवी घडी करून खिशात. खिसा फुगला होता.

१२ ऑक्टोबर, रविवार
अण्णांचा फोन नाही. मीही केला नाही. त्यांना वाटेल जनावरांची चौकशी करायला केला.

१९ ऑक्टोबर, रविवार
फोन नाही. दिवाळी तोंडावर, गडबडीत असतील.
वही उघडली. दिलेल्या प्रत्येकापुढं 'बोरगाव' लिहिलं. धुतलेल्यांपुढं काय लिहायचं? शेवटचा कुठं दिसला, त्या जागी... कोरं सोडलं.

२२ ऑक्टोबर, बुधवार
पाडवा. सकाळीच देवळात जाऊन बसलो. मारुतीला नवा शेंदूर. दर काही दिवसांनी चढवतात, त्याच्या खाली खरा चेहरा कसा आहे कुणी बघितलेला नाही. कुणाला बघायचाही नाही. तरी सगळं गाव त्यालाच ओळखतं.
अण्णांना शुभेच्छांचा मेसेज टाकला. त्यांचा उलट आला, दिव्याचं चित्र. काचेतल्या कपाटाचा फोटो टाकतील असं वाटलं होतं.

२७ ऑक्टोबर, सोमवार
खोली रिकामी केली. रोहित आणि पर्शानं कपाट उचलून माळ्यावर चढवलं. धुतलेली जनावरं मी जुन्या खोक्यात भरत होतो, माळ्यावरच टाकायची म्हणून. सुजाता आली, खोकं ओढून घेतलं.
"माळ्यावर उंदरं हायत."
"असू दे. त्यांचं आता काय राहिलंय."
ती तशीच खोकं घेऊन गेली. स्वयंपाकघरात ठेवलं असणार असं वाटलं.
नव्या जागी झोप येत नाही. सोप्यात रस्त्याचा उजेड थेट तोंडावर येतो.

२९ ऑक्टोबर, बुधवार
कामावरून आलो तर सोप्यातल्या शोकेसमध्ये माझी जनावरं. आतले स्टीलचे पेले, पर्शाचे कबड्डीचे कप, सगळं काढून आत नेलंय. वरच्या खणात आई. तोंड दाराकडं. सुजातानं माझ्याकडं बघितलं नाही, चहा ठेवून गेली. 
पर्शा रात्री जेवताना म्हणाला, "दादा, माझं कप पलंगाखाली गेलं बघ. तुझ्या पाली माझ्यापेक्षा भारी निघाल्या."

२ नोव्हेंबर, रविवार
आज मुलीकडचे आले. तिची आई, मामा, दोन काका. सोप्यात बसले, म्हणजे माझ्या कॉटवरच. पोहे, चहा. मी कोपऱ्यात खुर्चीवर. होणाऱ्या व्याह्यांच्या घरातला अविवाहित थोरला भाऊ, तो कुठं बसतो याची सगळ्यांनाच थोडी अडचण असते. मलाही.
मुलीची आई शोकेसकडं बघत होती. पुढं वाकून म्हणाली, "हे काय वो? गेंडा व्हय?"
पर्शा हसला. सुजाता ट्रे घेऊन उभी होती. म्हणाली, "न्हाय ओ आक्का. आमच्या भावजींची जनावरं ती. मागच्या काळातली. आता कुठं मिळत न्हाईत. लांबनं लांबनं जमवल्यात त्यांनी."
"आणि डोळं कुठं ह्याचं?"
मला वाटलं काहीतरी टाळाटाळ करेल.
"माझ्या हातनं गेलं," सुजाता म्हणाली. "दसरा काढताना घासलं जोरात. लई जपलेलं होतं, मला कळलं न्हाय. भावजी एक शब्द बोलले न्हाईत."
सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी खाली फरशीकडं. म्हणजे तिला सगळं माहीत होतं. कधीपासून? विचारलं नाही, विचारणारही नाही.
मामा म्हणाले, "मग काढून घ्या की डोळं रंगानं. आमच्या गावात गणपती करणारा हाय, एक नंबर डोळे काढतो."
सुजातानं ट्रे त्यांच्यापुढं धरला. मग मानपानाचं बोलणं सुरू झालं.

६ नोव्हेंबर, गुरुवार
अण्णांचा फोन आला. रविवार नसताना. आवाज बसलेला.
काकू पुण्याला गेल्यात, सुनेचं बाळंतपण. तीन-चार महिने तरी. वरच्या मजल्यावर गेलं की दिवे लावायचे, बघायचे, विझवायचे, खाली यायचं. "बोलायचं कुणाशी, कदम? हिनं हाक मारली की मी चिडायचो. आता कोण हाक मारत न्हाय."
मग म्हणाले, "एक मागायचं होतं."
"मागा की."
"आई द्या. डोळं नसू देत. पिल्लू एकटं बघवंना झालंय. तुमच्या जनावरांचा फोटो काढला, तुम्हाला पाठवायचा म्हणून, आणि त्यात पिल्लू बघितलं..."  मग, "तुम्हीच घेऊन या. लग्न झालं की या. चार दिवस ऱ्हावा. महिना ऱ्हावा. खोली हाय, सगळं हाय."
सप्टेंबरात अण्णा हेच बोलले असते तर आई हातात घेऊन लगेच बस धरली असती. तेव्हा द्यायचंच ठरलं होतं. त्यांना ते माहीत नाही.
"रविवारी सांगतो, अण्णा."
"सांगा. मी फोन करतो."

७ नोव्हेंबर, शुक्रवार
सुजाताला सांगितलं. चुलीपुढं बसून भाकरी थापत होती. लग्नाची एवढी धावपळ, तरी थांबली.
"बोरगावचे ते? दर रविवारचे?"
"व्हय."
"एकटेच हायत व्हय आता?"
"व्हय."
भाकरी तव्यावर टाकली. उलटली. "तुमची वस्तू हाय. न्यायची तर न्या." थोड्या वेळानं, "तुम्ही पण जाणार व्हय? राहायला?"
"ठरलं न्हाय."
"लग्नाच्या आधी न्हाय न्हवं?"
"न्हाय गं. लग्नाला मी न्हाय तर कोण."
"मग बरं." आणि परत पीठ ओढून घेतलं. पण पहिली भाकरी करपली.

९ नोव्हेंबर, रविवार
आंघोळ, पूजा झाली. अंगणात मांडवाचे बांबू येऊन पडलेत. रोहित दोरी मोजतोय, पर्शा उगाच ओरडतोय.
मघाशी आईला शोकेसमधून काढलं. टॉवेल अंथरला. गुंडाळून बघितली, पिशवीत बसते का ते. बसते. परत सोडवली. पोटाखाली हात फिरवला, रेघ अजून सापडत नाही. डोळ्यांच्या जागी अंगठा ठेवला, जिवंत जनावराच्या कपाळासारखं लागतं.
अण्णांचं बरोबर आहे. पिल्लाला आई पाहिजे. तिकडं एक माणूस दिवे लावून विझवतो. इकडं शोकेसचा वरचा खण रिकामा झाला तर सुजाता त्यात परत पेले ठेवणार नाही, तो तसाच ठेवील, हेही मला कळतं. आणि मी बोरगावला राहिलो तर ही कॉट...
देवाला विचारलं. तो यात पडत नाही.
फोन वाजतोय. कॉटवर, आईच्या शेजारी. आतून सुजाता म्हणते, "भावजी, तुमचा फोन."
हातात पेन आहे तेवढं खाली ठेवतो आणि उचलतो.